एका लाल ठिपक्याचा इतिहास: मोटारसायकलचा ब्रेक-दिवा

१/ जळगावहून एरंडोल, पारोळा करीत धुळ्याला जाणारा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता. आता तो ५३ आहे. रात्री ट्रकचालकाला येथे पुढच्या मोटारसायकलचा एकच लाल ठिपका दिसतो. तो ठिपका चालला आहे की थांबतो आहे, हे वेळीच ओळखण्यावर एक जीव अवलंबून असतो. #थ्रेड

२/ मागची बाजू दिसली पाहिजे, हे खानदेशाला मोटारसायकलच्या आधीपासून ठाऊक होते. रात्रीच्या बैलगाडीखाली कंदील टांगलेला असे. भुसावळहून सुटणाऱ्या आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल दिवा असे; तो दिसला की गाडी अखंड गेली, मागे डबा सुटलेला नाही, ही स्टेशनात खात्री पटे. पण हे दिवे केवळ अस्तित्व सांगत. वेग मंदावतो आहे, हे सांगत नसत.

३/ ते काम हाताचे होते. उजवा हात बाहेर काढायचा आणि तळवा खाली ठेवून तो वर-खाली हलवायचा. १९८९ च्या रस्ता-नियमांतही ही खूण होती. मोटारसायकलस्वाराचा उजवा हात मात्र ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक सांभाळतो. खूण करायची तर ब्रेक सोडणे आले! म्हणून दिव्याची निकड दुचाकीलाच अधिक होती.

४/ दिवा आला, पण दुबळा. १९७२ मध्ये बजाज चेतक बाजारात आली आणि स्कूटर मध्यमवर्गाची झाली. त्या पिढीच्या अनेक दुचाकींना बॅटरी नव्हती. वीज थेट मॅग्नेटोतून येई. इंजिनाचे फेरे घटले की वीज घटे. म्हणजे ब्रेक दाबल्यावर, दिवा तेजाळायच्या नेमक्या क्षणी, तो मंदावे.

५/ दुसरी उणीव स्विचची. अनेक गाड्यांत तो केवळ पायाच्या ब्रेकला जोडलेला असे. हाताचा ब्रेक दाबला तर मागच्याला काहीच कळत नसे.

६/ पुढे १२ व्होल्टची बॅटरी रुळली. एकाच बल्बात दोन तारा आल्या: टेल लाइटसाठी ५ वॅटची, ब्रेकसाठी २१ वॅटची. बल्ब उलटा बसू नये म्हणून त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम खाली-वर ठेवल्या. यामागचे तत्त्व साधे आहे: ब्रेक-दिव्याचा अर्थ प्रकाशात नाही, दोन प्रकाशांतल्या फरकात आहे.

७/ दिवा अधिक ठळक केला तर अपघात घटतात का? मानसशास्त्रज्ञ जॉन व्होएव्होड्स्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्सींना मागे एक जादा लुकलुकता दिवा बसवून पाहिले. १९७४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्या.

८/ १९८६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत नव्या मोटारींना तिसरा, उंचावरचा ब्रेक-दिवा सक्तीचा झाला. मात्र कालांतराने त्याचा टिकाऊ परिणाम मोजला, तेव्हा तो ४.३ टक्केच भरला. नवलाई ओसरली, डोळे सरावले. तरीही तेवढ्याने असंख्य धडका टळल्या.

९/ खरी झेप एलईडीची. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल एलईडी घडवला. तार तापून उजळणाऱ्या बल्बापेक्षा तो सुमारे ०.२ सेकंद आधी पेटतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन तेवढ्यात सव्वातीन मीटर अंतर कापते.

१०/ भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही पेटता ठेवणे सक्तीचे झाले. समोरून येणाऱ्याची सोय झाली; पण २०२२ मध्ये देशातल्या अपघातांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक मागून बसलेल्या धडकेचे होते. त्या वर्षी रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

११/ आणि आज? शोभेसाठी याच दिव्यावर काळी काच चढते किंवा निळे-पांढरे लुकलुकते दिवे लागतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार इंडिकेटर, नंबरप्लेट अशा मोजक्या दिव्यांखेरीज मागे लाल सोडून दुसरा प्रकाश चालत नाही. ही रंगाची हौस पुरवताना पिढ्यांनी घडवलेली खूण पुसली जाते.

१२/ कंदिलाने ‘मी आहे’ म्हटले. ‘मी थांबतो आहे’ म्हणायला दुचाकीला कित्येक दशके लागली. ते वाक्य मागच्यापर्यंत पोहोचवायला आता फार काही लागत नाही: काचेवरचा चिखल पुसलेला असावा आणि दोन्ही ब्रेकांचे स्विच चालू असावेत. निघण्यापूर्वी भिंतीसमोर गाडी उभी करून एकदा हाताचा, एकदा पायाचा ब्रेक दाबावा. भिंत लाल झाली की झाले.