अमेरिकन कृष्णवर्णीयांचा मुक्तिलढा आणि मराठवाड्यातील दलित चळवळ : सोनपेठ परिसराच्या दृष्टीने एक विवेचन

उपेक्षित समाजांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा काही ठळक तारखांवर खिळून राहते. अमुक वर्षी कायदा झाला, अमुक वर्षी न्यायालयाने निकाल दिला, अमुक वर्षी त्या समाजातील पहिली व्यक्ती उच्च पदावर आरूढ झाली, अशा तारखांची मालिका म्हणजेच प्रगतीचा इतिहास होय, अशी समजूत त्यामुळे दृढ होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा आणि मराठवाड्यातील दलितांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला, तर ही समजूत अपुरी ठरते. कायदा होण्याची तारीख आणि तो गावाच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचण्याची तारीख यांतील अंतर हाच या दोन्ही इतिहासांचा गाभा आहे. राजधानीपासून दूर, परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या ठिकाणाच्या बाजूने पाहिले असता हे अंतर विशेषत्वाने प्रत्ययास येते.

महाराष्ट्रात या तुलनेचा आरंभ महात्मा जोतीराव फुले यांनी केला. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठी निःस्वार्थ बुद्धीने झीज सोसली, त्यांना अर्पण केला. ‘निग्रो’ हा शब्द त्या काळी, आणि पुढेही जवळजवळ शंभर वर्षे, मराठीत रूढ होता. जोतीरावांच्या दृष्टीसमोर १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध, १ जानेवारी १८६३ ची मुक्तीची घोषणा आणि १८६५ मध्ये संमत झालेली तेरावी घटनादुरुस्ती या घटना ताज्या होत्या. त्यांना अमेरिकेत एक सिद्ध झालेला आदर्श दिसला, आणि १८७३ साली तो तसा दिसणे स्वाभाविकही होते. परंतु १८७७ साली दक्षिणेतील राज्यांतून संघराज्याचे सैन्य मागे घेण्यात आले, आणि त्यानंतर कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून हिरावले गेले. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, परंतु समान’ हे तत्त्व मान्य करून विभक्ततेला कायद्याचे अधिष्ठान दिले. घोषणा झाली म्हणजे मुक्ती झाली असे नव्हे, हा धडा अमेरिकेने अशा रीतीने अर्ध्या शतकाच्या आत जगापुढे ठेवला.

सोनपेठ परिसराच्या बाबतीत या अंतराला आणखी एक कारण होते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव झाला, आणि त्याच ठरावाच्या आधारे २० मार्च १९२७ रोजी महाडचा सत्याग्रह घडला. हा ठराव मुंबई इलाख्यापुरता होता; निजामी मुलखातील परभणी जिल्ह्याला तो लागू नव्हता. एकाच भाषेचे व एकाच जातीचे लोक हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे निरनिराळ्या राजसत्तांखाली नांदत होते. म्हणून मराठवाड्यातील दलितांना आपले टप्पे स्वतंत्रपणे गाठावे लागले. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने झालेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीने गाजलेली परिषद हा त्यांपैकी एक महत्त्वाचा टप्पा होय.

डॉ. आंबेडकरांचा अमेरिकेशी आलेला संबंध जोतीरावांप्रमाणे केवळ ग्रंथद्वारा नव्हता. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि ते विद्यापीठ कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीला लागूनच आहे. तथापि ऐतिहासिक दृष्ट्या अधिक अर्थपूर्ण ठरतो तो १९४६ चा पत्रव्यवहार. अमेरिकेतील नॅशनल निग्रो काँग्रेस या संस्थेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळल्यावरून डॉ. आंबेडकरांनी विख्यात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. भारतातील अस्पृश्यही तोच मार्ग अनुसरण्याचा विचार करीत होते. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवून अस्पृश्यांविषयी आपली सहानुभूती कळविली. कृष्णवर्णीयांच्या दुसऱ्या प्रमुख संघटनेचे सविस्तर निवेदन १९४७ मध्ये राष्ट्रसंघापुढे आले. जोतीरावांनी अमेरिकेकडे आदर्श म्हणून पाहिले; डॉ. आंबेडकरांनी तिच्याकडे कार्यपद्धतीसाठी पाहिले. अर्ज कसा लिहावा, पुरावा कसा मांडावा, तो कोणापुढे ठेवावा, हे त्यांना हवे होते. एका शतकाच्या तीन चतुर्थांशात तुलनेचे स्वरूप किती बदलले, हे यावरून ध्यानात येते.

स्वातंत्र्योत्तर दशकात दोन्ही देशांतील घटना जवळजवळ समांतर धावताना दिसतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णविभक्तता घटनाबाह्य ठरविली. १९५५ च्या जूनमध्ये भारतात अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम लागू झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरी येथे बसवरील बहिष्कार सुरू झाला आणि तो ३८१ दिवस टिकला. तो चालू असतानाच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी परभणी जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले होते. केरळातील एका शाळेत आपला परिचय ‘अमेरिकेतील अस्पृश्य’ असा करून देण्यात आला, प्रथम तो शब्द खटकला, परंतु विचारांती तो आपण मान्य केला, अशी हकीकत त्यांनी १९६५ मध्ये एका प्रवचनात सांगितली.

मात्र या समांतरतेत एक मोठा भेद आहे आणि तो नजरेआड होता कामा नये. मतदानाच्या हक्कात भारतातील दलित अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या पुढे होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत परभणी जिल्ह्यातील दलित शेतमजुराने कोणतीही साक्षरता-परीक्षा न देता मत टाकले. अलाबामातील कृष्णवर्णीय मजुराला हे सुलभ होण्यास १९६५ चा मतदान हक्क अधिनियम यावा लागला. याच्या उलट, पाणवठा, शेतजमीन आणि गावकीची कामे या बाबतींत मराठवाड्यातील दलित गावाच्या सत्तेपुढे एकाकी होता. मताचा हक्क दिल्लीहून आला. पाण्याचा हक्क गावानेच द्यावयाचा होता.

हे अंतर कापण्याचे पहिले साधन शिक्षण ठरले. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली दलित मुलांची पहिली पदवीधर पिढी प्रामुख्याने येथे घडली. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले प्रा. म. ना. वानखेडे यांनी येथूनच कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे तरुण लेखकांचे लक्ष वेधले, आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादकत्वाखाली ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक दलित साहित्याचे व्यासपीठ बनले. पुढे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंचे साहित्य व संस्कृती या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. अमेरिकेच्या इतिहासाचे हे तिसरे वळण होय. आता आदर्श नको होता व अर्जाचा नमुनाही नको होता. आपल्याच अनुभवाला शब्द कसा द्यावा, हे समजून घ्यावयाचे होते.

चौथे वळण मात्र परभणी जिल्ह्याच्याच भूमीवरून सुरू झाले. १९७२ च्या मे महिन्यात जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे पाण्याच्या कारणावरून दलित स्त्रियांची विवस्त्र धिंड काढण्यात आली. अस्पृश्यता नष्ट करणारी घटना अमलात येऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती. त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील बावडा येथे दलितांवर बहिष्कार पडला होता. या दोन घटनांनी मुंबईतील दलित तरुणांमध्ये जो क्षोभ उसळला, त्यातून त्याच वर्षी नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींच्या पुढाकाराने दलित पँथर ही संघटना जन्मास आली. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरी स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून तिने आपले नाव घेतले. ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राजा ढाले यांनी ब्राह्मणगावच्या स्त्रीची विटंबना करणाऱ्यास होणारा दंड आणि राष्ट्रध्वजाचा अवमान करणाऱ्यास होणारा दंड यांची तुलना केली, आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. परभणी जिल्ह्यातील एका खेड्याची वेदना मुंबईमार्गे ओकलंडच्या नावाशी जोडली गेली. हे अनुकरण होते, असे म्हणणे पुरेसे होणार नाही. नाव अमेरिकेचे होते, कारण मात्र ब्राह्मणगावचे होते.

१९७८ साली या अंतराची पुन्हा एकदा दारुण साक्ष मिळाली. २७ जुलै रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि त्यापाठोपाठ नांदेड, परभणी आदी जिल्ह्यांतील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. ठरावाची अंमलबजावणी होण्यास १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला; म्हणजे साडेपंधरा वर्षे लागली. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जनार्दन वाघमारे यांचीच नियुक्ती झाली. कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीतील एक अग्रगण्य अभ्यासक सोनपेठच्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठाचा प्रमुख व्हावा, हा योगायोग असला तरी निरर्थक नव्हे.

उच्च पदांच्या तारखाही अर्थातच महत्त्वाच्या आहेत. थर्गुड मार्शल १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात पहिले दलित न्यायाधीश ए. वरदराजन १९८० मध्ये आले. के. आर. नारायणन १९९७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. बराक ओबामा २००८ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. २०२५ च्या मे महिन्यात अमरावतीचे भूषण गवई यांनी भारताच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. परंतु सोनपेठ परिसराच्या दृष्टीने १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीचे मोल यांपैकी कोणत्याही तारखेहून कमी नाही. तिच्यामुळे अनुसूचित जातींच्या स्त्री-पुरुषांना ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वात व सरपंचपदात राखीव वाटा मिळाला. ज्या गावकीने पाणवठा नाकारला होता, त्या गावाच्या कारभारात प्रवेश झाला.

तुलनेचा प्रवाह आता उलट दिशेनेही वाहू लागला आहे. अमेरिकन लेखिका इसाबेल विल्करसन यांनी २०२० मध्ये आपल्या देशातील वर्णभेदाचा उलगडा ‘जात’ या संकल्पनेच्या साहाय्याने केला. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल नगरपरिषदेने जातिभेदाला कायद्याने बंदी घातली. तो प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. जोतीरावांनी १८७३ मध्ये अर्पणपत्रिकेच्या रूपाने जे ऋण मानले, त्याची काही अंशी परतफेडच ही होय.

या विवेचनाचा निष्कर्ष असा की, दोन समाजांच्या इतिहासांची तुलना केवळ तारखांची जुळवाजुळव करून होत नाही. प्रत्येक तारखेपुढे दुसरी तारीख लिहिली गेली पाहिजे. अमुक गावचा आड कोणत्या वर्षी खुला झाला, येसकरकी व मेलेली जनावरे ओढण्याचे काम कोणत्या वर्षी सुटले, वस्तीतील पहिली मुलगी कोणत्या वर्षी शाळेत गेली, पहिला दलित सरपंच ध्वजवंदनास केव्हा उभा राहिला, या त्या दुसऱ्या तारखा होत. अमेरिकेतील अभ्यासकांनी मुक्त गुलामांच्या आणि नागरी हक्कांच्या चळवळीतील सामान्य स्त्री-पुरुषांच्या साक्षी त्यांच्या हयातीतच टिपून ठेवल्या, आणि त्यावर इतिहासलेखनाची एक संपूर्ण शाखा उभी राहिली. सोनपेठ तालुक्यात १९५६ चे धर्मांतर आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेली पिढी आता वृद्धत्वाच्या अखेरच्या पायरीवर आहे. तिच्या साक्षी गावनिहाय टिपून ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. ते आज झाले नाही, तर दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या तारखा ग्रंथांत राहतील, आणि गावाच्या तारखा त्या माणसांबरोबरच नाहीशा होतील.