मासेमारीचा फुगीर तराफा

हवा कोंडलेले कातडे, भोपळा वा रबरी नळी यांच्या आधाराने एकट्या मच्छीमाराने तलावात अथवा नदीत वावरण्याचे साधन. मोटारीच्या चाकातील जुनी ट्यूब हे त्याचे महाराष्ट्रातील परिचित रूप होय. नौकानयनाच्या इतिहासात या साधनाची दखल क्वचितच घेतली जाते. तथापि जेथे होडीजोगे पाणी वर्षभर टिकत नाही किंवा होडीची किंमत मिळणाऱ्या माशांतून निघत नाही, तेथे खोल पाण्यातील मासेमारी बऱ्याच अंशी यावरच अवलंबून राहिली आहे.

साधन फार जुने आहे. निनेव्ह येथील ॲसिरियन राजा सेनॅकेरिब (कार. इ. स. पू. ७०५–६८१) याच्या राजवाड्यातील एका शिल्पपटात फुगविलेल्या कातड्यांवर स्वार होऊन मासे धरणारे पुरुष कोरलेले आहेत. पंजाबच्या डोंगरी नद्या जनावरांच्या फुगविलेल्या कातड्यांवरून ओलांडीत. चौसाच्या लढाईनंतर (१५३९) गंगेत बुडणारा हुमायून एका भिस्त्याच्या मशकीमुळे वाचला, ही कथा प्रसिद्धच आहे. महाराष्ट्रात कातड्यापेक्षा वाळलेल्या दुध्या भोपळ्याचा वापर अधिक झाला. विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला भोपळा बांधीत. अनेक भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून नदी उतरण्यासाठी ‘सांगड’ करीत. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार जोडून बांधण्याच्या याच क्रियेची आठवण देतो.

रिठद (ता. रिसोड, जि. वाशिम) ज्या प्रदेशात मोडते, तेथे या साधनाची गरज भूरचनेतूनच उद्भवते. वाशिमचे पठार गोदावरी व तापी या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. दक्षिणेकडील पाणी पैनगंगेला, तर उत्तरेकडील काटेपूर्णेसारख्या नद्यांवाटे पूर्णेला मिळते. उगमाजवळचे हे प्रवाह उन्हाळ्यात डोहांपुरते उरतात. त्यामुळे भोई, ढीवर इ. समाजांची पारंपरिक मासेमारी काठावरून अथवा कमरेइतक्या पाण्यातून फेकजाळे टाकण्याची. तीत तराफ्याचे फारसे काम नव्हते.

ही स्थिती तलावांनी पालटली. १९७२-७३ च्या दुष्काळातील कामे व पुढे रोजगार हमी योजना यांतून राज्यात ठिकठिकाणी पाझर तलाव आणि लघुपाटबंधारे तलाव झाले. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात भारतीय कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केल्याने कटला, रोहू व मृगळ यांचे बीज नदीवर विसंबून न राहता तलावांत सोडणे शक्य झाले होते. तलाव सहकारी संस्थांना ठेक्याने मिळू लागले. मासा आता मध्यभागी, खोल पाण्यात होता आणि तो धरण्यासाठी कल्ला जाळी आडवी लावावी लागे. होडी मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. मालमोटारींच्या टाकाऊ ट्यूबने ही अडचण भागविली.

ट्यूबच्या मध्यभागी दोऱ्या विणून किंवा फळी बांधून बैठक करतात. मच्छीमार तीवर बसून, कधी पोटावर पडून, हातांनी अथवा लहान फळकुटांनी पाणी मागे सारतो; सायंकाळी जाळे लावून पहाटे ते उचलतो. नळीची जाडी २५ सेंमी. व तिच्या मध्यवर्तुळाचा व्यास ७५ सेंमी. धरल्यास आतील हवेचे आकारमान सु. ११५ लि. होते, म्हणजे पूर्ण बुडाल्यास तेवढेच किलोग्रॅम वजन ती तोलू शकते. एक माणूस, ओले जाळे आणि पकडलेले मासे यांना हे पुरते; शिल्लक मात्र थोडी राहते.

याच ठिकाणी नवे साधन जुन्यापेक्षा उणे ठरते. सांगडीतील एक भोपळा फुटला तरी उरलेले तोलून धरीत; ट्यूबमधील सगळी हवा एकाच पोकळीत असते. बुडीत जमिनीवरील बाभळीची काटेरी झुडपे, माशांचे टोकदार काटे आणि उन्हाने चिरलेले रबर, यांपैकी कशानेही ती गळू लागते. पोहता येणे हा त्यावर पुरेसा उपाय नव्हे. कारण मच्छीमाराचा पाय स्वतःच्याच जाळ्यात अडकू शकतो. अंधारात व एकट्याने काम करण्याच्या रीतीमुळे धोका वाढतो. दोन-तीन ट्यूब बांबूच्या चौकटीखाली बांधल्यास एक गळाली तरी इतरांवर काठ गाठता येतो. ही रचना म्हणजे वस्तुतः सांगडच होय. तिला जादा ट्यूब लागतात एवढेच, आणि खर्चाच्या दृष्टीने तेवढेही अनेकांना जड जाते. तरण-जाकीट घालून बसण्याची सवय छोट्या तलावांवर अद्याप रुजलेली नाही.

अलीकडे ट्यूबविरहित टायरांचा प्रसार झाल्याने जुन्या ट्यूब पूर्वीइतक्या सहज मिळत नाहीत. त्यांच्या जागी पोत्यात वा जाळीत गुंडाळलेले थर्मोकोलचे ठोकळे वापरात आले आहेत. ते टोचल्याने बुडत नाहीत. पण घासून त्यांचे पांढरे मणी सुटतात आणि काठाच्या गाळात साचत जातात.