हक्कसोड : मारुतीच्या विक्रीचे कागद

सरकारने मारुती कधी विकली, असे विचारले की कोणी 2002 सांगतो, कोणी 2007. पहिल्या साली कंपनीचा ताबा सुझुकीकडे गेला, दुसऱ्या साली सरकारचा उरलेला शेवटचा वाटा गेला. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण कायदा, करार, शेअरविक्रीचे माहितीपत्रक आणि निर्गुंतवणुकीच्या जमाखर्चाच्या नोंदी तारीखवार लावून वाचल्या, की माझे बोट आणखी मागे सरकते आणि 1992 वर थांबते.

सुरुवात 1980 च्या कायद्यापासून करावी लागते. संजय गांधींची खासगी मारुती लिमिटेड बाजारात गाडी न आणताच बुडाली होती आणि 1978 साली न्यायालयाने ती गुंडाळण्याचा आदेश दिला होता. ऑक्टोबर 1980 मध्ये आधी वटहुकूम काढून, मग कायदा करून केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली. हे कशासाठी, ते कायद्याच्या प्रारंभीच नोंदले आहे: उभी असलेली यंत्रणा कामी आणणे, मोटार उद्योग आधुनिक करणे, टंचाईचे इंधन काटकसरीने वापरणे आणि वाहनांचे उत्पादन वाढवणे. कंपनीची मालकी कायम सरकारकडेच राहावी, हा काही या उद्दिष्टांतला भाग नाही. पुढचे सगळे वाचताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

फेब्रुवारी 1981 मध्ये मारुती उद्योग लिमिटेडची नोंदणी झाली. 2 ऑक्टोबर 1982 रोजी सुझुकीशी करार झाला, 26 टक्के त्यांचे, 74 टक्के सरकारचे. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली ठेवली. त्या दिवसाची छायाचित्रे सर्वांच्या पाहण्यातली आहेत. टक्केवारीचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तिकडे फारसे कोणी पाहिले नाही. सुझुकीचा वाटा आधी 40 टक्क्यांवर गेला आणि 1992 मध्ये 50 टक्क्यांवर. सरकारकडे पन्नासाला किंचित कमी उरले आणि पाव टक्क्याच्या आसपास वाटा कर्मचाऱ्यांच्या निधीकडे होता.

इथे 1956 च्या कंपनी कायद्याचे कलम 617 उघडावे. सरकारी कंपनी म्हणजे जिच्या भरणा झालेल्या भांडवलात सरकारचा वाटा किमान 51 टक्के आहे ती. म्हणजे 1992 मध्येच मारुती कायद्याच्या व्याख्येतून बाहेर पडली. लोक तिला सरकारी गाडी म्हणत राहिले, दिल्लीतले मंत्रीही तसेच वागत राहिले, पण कागदावर ती बरोबरीची भागीदारी झाली होती. बरोबरीच्या भागीदारीत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न कधीतरी उभा राहणारच होता.

तो 1997 मध्ये उभा राहिला. सरकारने व्यवस्थापकीय संचालक म्हणून भास्करुडू यांना नेमले. ही नेमणूक मान्य नसल्याने सुझुकीने आंतरराष्ट्रीय लवादाकडे दाद मागितली. जून 1998 मध्ये तडजोड झाली: भास्करुडू 1999 अखेर जागा सोडतील, मग सुझुकीच्या पसंतीचा माणूस येईल. त्यानंतर जगदीश खट्टर आले. पुढे 2000 च्या अखेरीस गुडगावच्या कारखान्यात उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहन भत्त्यावरून कामगारांचा मोठा संघर्ष झाला आणि 2000-01 मध्ये कंपनीने पहिल्यांदाच तोटा दाखवला. विक्रीची बोलणी या पार्श्वभूमीवर झाली, हे किमतीबद्दल बोलताना विसरता येणार नाही.

त्या काळात मारुतीचे मालक खाते म्हणजे अवजड उद्योग. ते मनोहर जोशी यांच्याकडे होते; मे 2002 मध्ये ते लोकसभेचे अध्यक्ष झाले. विक्री अरुण शौरी यांच्या निर्गुंतवणूक खात्याने केली, आणि सुझुकीशी झालेला सुधारित करार त्याच मे महिन्यातला आहे.

जमिनीच्या व्यवहारात हक्कसोडपत्र सगळ्यांच्या ओळखीचे असते. बहीण भावाच्या नावे सही करते आणि वाटा सुटतो. 2002 चा व्यवहार नेमका त्या जातीचा आहे. सरकारने आपल्याकडचा एकही शेअर तेव्हा विकला नाही. कंपनीने 400 कोटींचा राइट्स इश्यू काढला, म्हणजे असलेल्या भागधारकांना त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात नवे शेअर देऊ केले. सरकारने आपला हक्क सुझुकीसाठी सोडला आणि त्याबद्दल 1,000 कोटी रुपये घेतले.

हिशेब ताडून पाहता येतो. कंपनीचे 100 रुपये दर्शनी किमतीचे सुमारे 1 कोटी 32 लाख शेअर होते, निम्मे सुझुकीचे. 3,280 रुपयांच्या भावाने 400 कोटींचे सुमारे 12 लाख 20 हजार नवे शेअर निघाले. ते सुझुकीकडे गेले की 66 लाखांचे 78 लाख होतात, एकूण 1 कोटी 44 लाखांपैकी 54 टक्के. सरकारने सोडलेले शेअर त्यातले सहा लाखांच्या आसपास. 1,000 कोटी भागिले सहा लाख, म्हणजे प्रत्येक सोडलेल्या शेअरमागे साडेसोळा हजारांवर रुपये, इश्यूच्या भावाच्या पाचपट! सुझुकीने मोजलेली ही किंमत शेअरची नाही, नेमणुकीच्या अधिकाराची आहे. ज्या भागीदाराकडे आधीच निम्मे होते, त्याच्याकडून वरच्या चार टक्क्यांसाठी एवढी रक्कम मिळवणे सोपे नव्हते. हा सौदा स्वस्तात झाला असे मला वाटत नाही.

पुढचे टप्पे थोडक्यात. 2002 च्या करारात सुझुकीने पहिल्या जाहीर विक्रीला शेअरमागे किमान 2,300 रुपयांची हमी दिली होती. शेअरची दर्शनी किंमत 5 रुपये झाल्यावर तीच 115 ठरली. 2003 मध्ये सरकारने 125 रुपयांनी साडेसत्तावीस टक्के वाटा लोकांना विकला आणि 993 कोटी मिळवले. जानेवारी 2006 मध्ये 8 टक्के वाटा सरकारी बँका आणि वित्तसंस्थांना 678 रुपयांनी गेला. मे 2007 मध्ये उरलेले दहा टक्के 797 रुपयांनी गेले आणि त्यांचे 2,360 कोटींवर आले. म्हणजे शेवटच्या दहा टक्क्यांनी आधीच्या साडेसत्तावीस टक्क्यांच्या दुपटीहून जास्त दिले. ताबा सोडला पण वाटा धरून ठेवला, त्याचा हा फायदा.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला कंपनीचे नाव मारुती सुझुकी इंडिया लिमिटेड असे बदलले. सरकारने ठेवलेल्या नावातला 'उद्योग' हा शब्द तेव्हा गेला.