नवा पांबन पूल : उचलणाऱ्या गाळ्याइतकाच गंजाचाही प्रश्न

तमिळनाडूतील रामेश्वरम् बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा नवा पांबन रेल्वे पूल ६ एप्रिल २०२५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण करण्यात आला. सुमारे ५५० कोटी रुपये खर्चून रेल विकास निगम लिमिटेडने उभारलेला हा देशातील पहिला उभा उचलता येणारा सागरी रेल्वे पूल होय. त्याचा मधला गाळा सरळ वर जातो आणि खालून जहाजे पार होतात, हे दृश्य त्या दिवसापासून सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. अभियंत्यांच्या दृष्टीने मात्र या पुलाचा कस लागणार आहे तो अन्यत्र. खाऱ्या हवेत पोलाद किती काळ शाबूत राहते, हा तो प्रश्न आहे.

जुना पूल १९१४ च्या फेब्रुवारीत वाहतुकीस खुला झाला. मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत तो देशातील सर्वांत लांब सागरी पूल होता. त्याच्या मध्यभागी शेर्झर पद्धतीचा गाळा होता. त्याचे दोन पंख कर्मचारी हाताने तरफा फिरवून आकाशाकडे उघडत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात धनुष्कोडीला निघालेली प्रवासी गाडी समुद्रात वाहून गेली आणि पुलाच्या बहुतेक तुळया कोसळल्या. उचलता येणारा गाळा मात्र वाचला. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली, समुद्रतळाशी गेलेल्या तुळया बाहेर काढून, ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. भारतीय रेल्वेच्या इतिहासात या दुरुस्तीला आजही मानाचे स्थान आहे.

वादळातून सावरलेल्या या पुलाला पुढे क्षाराने जर्जर केले. वेगमर्यादा ताशी १० किलोमीटरपर्यंत खाली आली होती. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये, उचलणाऱ्या गाळ्याच्या सुरक्षिततेविषयी शंका निर्माण झाल्यावर, त्यावरील रेल्वे वाहतूक थांबविण्यात आली. नव्या पुलाची पायाभरणी त्याआधीच, मार्च २०१९ मध्ये झालेली होती.

नवा पूल २.०८ किलोमीटर लांब आहे. त्यात १८.३ मीटरचे ९९ गाळे असून जहाजांच्या मार्गावरील एक गाळा ७२.५ मीटरचा आहे. जुन्या पुलापेक्षा तो तीन मीटर उंच आहे. मधला गाळा दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांमधून १७ मीटर वर उचलला जातो. सुमारे ६६० टन वजनाचा हा भार उचलण्यास प्रचंड शक्ती लागत असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तसे नाही. मनोऱ्यांच्या माथ्यावरील मोठ्या कप्प्यांवरून गेलेल्या पोलादी दोरांच्या एका टोकाला गाळा आणि दुसऱ्या टोकाला जवळजवळ तितकेच प्रतिभार टांगलेले असतात. गाळा वर जातो तसे प्रतिभार खाली येतात. विद्युत् मोटारींना मात करावी लागते ती मुख्यतः घर्षणावर, वाऱ्याच्या दाबावर आणि तोलातील किरकोळ फरकावर. विहिरीच्या रहाटाच्या दुसऱ्या टोकाला बादलीइतकाच दगड बांधावा, तसा हा प्रकार. खरी दक्षता लागते ती दोन्ही टोके एकाच गतीने चढविण्यात. एक बाजू किंचित पुढे गेली तरी गाळा तिरका होऊन मार्गदर्शक रुळांत अडकू शकतो.

शेर्झर गाळा पूर्ण उघडल्यावर जहाजाच्या उंचीवर बंधन उरत नसे. उभ्या उचलीत ते राहते. नवा गाळा वर गेल्यावर समुद्रपातळीपासून सुमारे २२ मीटर मोकळी जागा मिळते. वरकरणी ही उणीव वाटेल. परंतु शेजारीच १९८८ पासून उभ्या असलेल्या रस्त्याच्या पुलाखालील उंचीही तेवढीच आहे. जहाजाला दोन्ही पुलांखालून जायचे असल्याने रेल्वे पूल त्याहून उंच उचलून काही साधले नसते. शेजारचे बंधन ओळखून स्वतःची मर्यादा ठरविण्याचे हे उदाहरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे असे आहे.

आता गंजाकडे. पांबनची गणना जगातील सर्वाधिक गंजकारक ठिकाणांत होते. लाटांच्या तुषारांतील क्लोराइडचे आयन काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतात आणि सळईवरील नैसर्गिक संरक्षक थर भेदतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून फुगून तडकते, तड्यांतून आणखी क्षार शिरतो आणि ऱ्हासाचा वेग वाढतो. म्हणून या पुलात निष्कलंक पोलादाच्या सळया वापरल्या आहेत. पोलादी भागांना पॉलिसिलॉक्सेनचा विशेष लेप दिला असून सांधे रिव्हेट वा बोल्टऐवजी पूर्णतः वेल्डिंगने जोडले आहेत. पत्र्यांच्या फटीत साचणारे खारे पाणी हे जुन्या पुलांचे दुखणे असते. वेल्डिंगच्या सांध्यात ती फट राहत नाही. मात्र त्यामुळे सगळा भरवसा सांध्याच्या आतील गुणवत्तेवर येतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

नेमक्या याच ठिकाणी वाद उभा राहिला. दक्षिण विभागाच्या रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये पुलाची तपासणी केली. वाहतुकीस त्यांनी सशर्त मंजुरी दिली, पण नियोजनापासून उभारणीपर्यंतच्या त्रुटींवर कठोर शब्दांत बोट ठेवले. गंजरोधक उपाय अपुरे असल्याचा आक्षेप त्यांत होता. उचलणाऱ्या गाळ्याची संकल्पना रेल्वेच्या संशोधन, आरेखन व मानक संघटनेच्या मानकांनुसार नसल्याचेही त्यांनी नोंदविले. वेगमर्यादा पुलावर ताशी ७५ किलोमीटर आणि उचलणाऱ्या गाळ्यावर ५० किलोमीटर अशी ठेवण्यात आली. गाळ्याचे आरेखन आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनी टिप्साने युरोपीय व भारतीय संहितांनुसार केले असून आयआयटी मद्रास आणि आयआयटी मुंबई यांनी ते पडताळले आहे, असे रेल्वे मंत्रालयाचे उत्तर होते. अहवालातील मुद्द्यांचा विचार करण्यासाठी मंत्रालयाने समितीही नेमली.

या वादात एका बाजूला सर्वस्वी चूक ठरविणे घाईचे होईल. देशात पूर्वी न बांधलेल्या रचनेसाठी तयार मानक नसणे स्वाभाविक आहे. मानके अनुभवातून घडतात. परंतु मानक नसते तेव्हा स्वतंत्र पडताळणी आणि तिची लेखी नोंद यांचे महत्त्व वाढते, कमी होत नाही. आयुक्तांच्या आक्षेपांचे मोल तेथे आहे.

लेपाचे आयुष्य देखभालीविना ३५ वर्षांहून अधिक आणि पुलाचे आयुर्मान १०० वर्षे गृहीत धरले आहे. म्हणजे पुलाच्या हयातीत हा लेप निदान दोनदा तरी नव्याने द्यावा लागेल. तोही समुद्राच्या मध्यावर, एकेरी मार्गावरील गाड्यांच्या वेळा सांभाळून. खांब व पाया दुहेरी मार्ग पेलतील असे बांधले असले, तरी तूर्त रूळ एकच आहे. लेपाची जाडी, वेल्डिंगच्या श्राव्यातीत चाचण्या, दोरांची झीज आणि कप्प्यांचे वंगण यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवल्या गेल्या, तरच पुढच्या पिढीतील अभियंत्यांना तुलनेसाठी आधार मिळेल. जुन्या पुलावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल होत असे. गंजाला असा सिग्नल नसतो.