बटाटा, टूक आणि येसर

उपवासाच्या दिवशी सोवळ्या घरात काय शिजते, याची यादी मी दर वर्षी इतिहासाच्या वर्गात फळ्यावर लिहिते. साबूदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. मग मुलांना विचारते, यांतले इथले काय? मुले म्हणतात, सगळेच. खरे पाहता यांतले काहीच इथले नाही. बटाटा, भुईमूग, मिरची आणि ज्या कंदापासून आजचा साबूदाणा होतो तो कंद, ही चारही पिके अमेरिका खंडातली आहेत. पाचशे वर्षांपूर्वी या भूमीत ती नव्हती. बटाटा तर पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे कष्टून माणसाळवलेला कंद. पश्चिम किनाऱ्यावर तो पोर्तुगिजांबरोबर उतरला आणि त्यांचाच शब्द घेऊन उतरला. म्हणून मराठीत आणि गुजरातीत तो बटाटा, सिंधीत पटाटा. हिंदीवाल्यांनी मात्र त्याला आपल्याकडचे जुने आलू हे नाव दिले.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा द्विजांना वर्ज्य सांगितला आहे. बटाट्याविषयी मनू बोलत नाही, कारण त्याला बटाटा ठाऊकच नव्हता. सातासमुद्रापलीकडून, म्लेंच्छांच्या गलबतातून आलेला हा कंद देवघराशेजारच्या चुलीपर्यंत पोहोचला. ज्याची हाडे याच मातीत मुरली त्या माणसाला मात्र त्या घराच्या अंगणाबाहेर उभे केले गेले. धर्म बाटण्याचा हा हिशेब कोणत्या गणिताने केला, हे कोणी तरी समजावून सांगावे.

हा प्रश्न मला आजीच्या हातच्या टुकामुळे पडला. टूक हा सिंधी पदार्थ आणि आम्ही बीड जिल्ह्यातले. तो आमच्या चुलीवर कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवण्यात आले. लाखाच्या आसपास माणसे. एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार थाटले गेले. 1949 साली या वसाहतीचे उल्हासनगर झाले, पण ‘कॅम्प’ हा शब्द काही गेला नाही; आजही माणसे पत्ता सांगताना एक ते पाच यांतला कॅम्पचा नंबर सांगतात. या लोकांना इथल्यांनी फार प्रेमाने घेतले असे नाही. ‘निर्वासित’ ही कितीतरी वर्षे शिवीच होती.

आमचे घर आले 1972 च्या दुष्काळात. बाबा तेव्हा आजीच्या कडेवर होते. अंबरनाथला रुळांच्या कडेला झोपडी, आजोबा हमालीला आणि आजी कॅम्प पाचमध्ये पापड लाटायला. पापड लाटून घेणारी सिंधी बाई स्वतः बराकीत वाढवलेली पोरे घेऊन उभी राहिली होती. तिने आजीला जात विचारली नाही, मजुरीही वाढवून दिली नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. टूक आजी तिच्याकडे शिकली.

करायची रीत अशी. लहान बटाटे सालीसकट अर्धे कापायचे, मीठ लावून ठेवायचे आणि मंद आचेवर आतून शिजेपर्यंत तळायचे. बाहेर काढून जरा निवले की वाटीच्या बुडाने दाबून चपटे करायचे. मग तेल चांगले तापवून पुन्हा सोडायचे, कडा लालसर कुरकुरीत होईपर्यंत. वरून तिखट, धनेपूड, आमचूर. सिंधी घरात हे कढीभाताबरोबर खातात. ती कढी ताकाची नसते, भाजलेल्या बेसनाची आणि चिंचेची असते. दाबण्याच्या वेळी घाई केली तर बटाटा फुटतो. मी अजून फोडते.

आजीने आमचूर कधी विकत आणला नाही. तिच्या टुकावर येसर पडायचे. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरची असे वेगवेगळे भाजून दळलेले ते पीठ. घरात खाणारी तोंडे दहा आणि मटण मूठभर, तेव्हा रश्शाला दाटपणा देण्याची ही युक्ती. मटण नसले की नुसत्या येसराची आमटी. टुकाबरोबर एका वाटीत ही आमटी पातळ करून, दुसरीत पाट्यावर वाटलेली लसूण-मिरची तेलात परतून, आणि कोरडी कारळ्याची चटणी. तीन चटण्या आणि एक परका कंद. महार-मांगांच्या मराठवाड्यातल्या अन्नावर शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहिले. तोवर आमच्या स्वयंपाकघराला पुस्तकात जागा असते, हे मला कोणी शिकवले नव्हते.

पुढे आजी एका खानावळीत कामाला लागली. मालकाचे नाव इथे नको. काम बटाटे सोलायचे. पहिल्याच दिवशी मालकीण म्हणाली, कच्चे सोल, उकडलेल्याला हात लावू नको. आजी अजून ते सांगते तेव्हा हसते: “लेकी, तोच बटाटा गं. पान्यात बुडाला अन् त्याला जात फुटली.”

समाजशास्त्राची पुस्तके यालाच कच्चे आणि पक्के अन्न म्हणतात. न शिजवलेले धान्य-भाजी कोणाकडूनही घेता येते. तुपातले, तळलेले त्या मानाने कमी बाटते. पाण्यात शिजवलेले मात्र लगेच बाटते. आजीला ही परिभाषा ठाऊक नव्हती, पण सिद्धांत तिने एका पाटीत बसून तपासला होता.

आता मला छळणारी गोष्ट. दोन उखडलेले समाज एकाच रेल्वेलाइनवर आले. एकाचा घरगुती पापड, लोणचे, पकवान एका पिढीत दुकानाच्या पाटीवर गेले. दुसऱ्याचे येसर डब्याच्या तळाशीच राहिले. सिंधी माणसाकडे व्यापाराची परंपरा होती, नातेवाइकांचे जाळे होते, हे खरे. त्याच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. पण भांडवल नव्हते म्हणून आपण मागे राहिलो, एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. अन्नाच्या धंद्यात भांडवलाआधी गिऱ्हाईक लागते, आणि आपल्या हातचे खाणारे गिऱ्हाईक कुठून आणायचे?

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकिगत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढून दिले. पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजू लागले. एक कप चहा विकला जाण्यासाठी छत्रपतीला रस्त्यावर थांबावे लागले! उल्हासनगर-अंबरनाथला आमच्या आज्यांसाठी कोण थांबणार होते?

आम्ही आता बदलापूरला राहतो. आजीचे गुडघे गेले, पण जीभ शाबूत आहे. गेल्या वर्षी माय आणि शेजारच्या बायकांनी बचत गटातून येसर, कारळे आणि लसणीची चटणी पाकिटात भरायला सुरुवात केली. चव ठरवायला एका रविवारी टूक केले. दोन किलो बटाटे संपले आणि वाद पेटला तो चवीवर नाही, लेबलावर. ‘घरगुती’ छापायचे हे सर्वांना मान्य. घर कोणाचे, हे छापायचे का? माय म्हणाली, आडनाव नको, माल पडून राहील. मी म्हणाले, बाजारात दुसऱ्यांची आडनावे पाकिटावर मिरवतात, मग आपले का लपवायचे? त्यावर एकीने शांतपणे विचारले, “ताई, तुमचा पगार दर महिन्याला येतो ना?”

मला उत्तर सुचले नाही. आजी कोपऱ्यात उरलेले टूक येसरात बुडवून खात होती. म्हणाली, “आधी मीठ कमी करा, मंग नाव ठरवा.”

पहिली शंभर पाकिटे लेबलावाचून गेली. दुसऱ्या खेपेचे लेबल अजून छापायचे आहे.