आडवाट आणि रोजची वाट : एका दुहेरी वाहनाचा इतिहास

आडवाटेलाही धजेल आणि रोज कचेरीतही नेता येईल अशी गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न वरकरणी ग्राहकाचा आहे. साहित्यविचाराला वाहिलेल्या पानावर त्याचे काय काम, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नात दोन प्रयोजने एकाच रूपात कोंबण्याची जी धडपड आहे, ती वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. एखादे रूप एका गरजेतून जन्मते, दुसऱ्या गरजेला जुंपले जाते, आणि कालांतराने मूळ गरज नाहीशी झाली तरी रूप तेवढे उरते. हा प्रवास आपण कवितेत आणि कथेत अनेकदा पाहिला आहे. जीप आणि तिच्या वंशजांच्या बाबतीत तो अधिक उघडपणे घडला, कारण येथे रूपाचे माप मिलिमीटरमध्ये घेता येते.

आरंभ १९४० चा. युरोपात महायुद्ध पेटले होते आणि अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना शक्ती देणारी टेहळणीची गाडी हवी होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात १३५ कंपन्यांना आवाहन केले गेले. प्रतिसाद देणाऱ्या मोजक्यांपैकी बॅंटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि ४९ दिवसांच्या मुदतीत, २३ सप्टेंबर १९४० रोजी, पहिला नमुना मेरीलँडमधील हॉलाबर्ड तळावर पोहोचला. पुढे मोठी मागणी पुरवण्याचे काम विलीज आणि फोर्ड यांच्याकडे गेले, आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. या गाडीला दारे नव्हती, ऊबदार आसने नव्हती. सपाट पत्र्याचे कोन, आखूड बांधा, पुढे-मागे चाकांच्या पलीकडे फारसे काही न लोंबणारे धूड : यातली प्रत्येक रेषा कामातून आली होती. चढावर नाक टेकू नये म्हणून नाक आखूड, एवढेच त्यामागचे सौंदर्यशास्त्र.

युद्ध संपल्यावर या यंत्राचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर शेताने दिले. विलीजने १९४५ मध्ये नागरी जीप आणली ती शेतकऱ्यासमोर ठेवूनच. नांगर ओढावा, इंजिनाच्या शक्तीवर अवजारे चालवावीत आणि बाजारच्या दिवशी गावातही जावे, अशी तिची कल्पना होती. इंग्लंडमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसी बेटावरील शेतावर युद्धातली जुनी जीप वापरत असत. तिच्या जागी काय आणावे या विचारातून लँड रोव्हर जन्मली आणि एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. पोलादाची टंचाई असल्यामुळे तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. टंचाईतून आलेले हे लक्षण पुढे तिच्या कुलीनतेचे चिन्ह मानले गेले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या शेतकऱ्याच्या लेखी 'रोजची गाडी' आणि 'आडवाटेची गाडी' असे दोन प्रकार नव्हतेच, कारण त्याची रोजची वाट हीच आडवाट होती. 'आड' हा उपसर्ग लागण्यासाठी आधी एक सरळ, मान्य, सरकारी वाट असावी लागते. म्हणजेच ज्या प्रश्नाने आपण आरंभ केला तो डांबराने निर्माण केलेला प्रश्न आहे. रस्ते झाले, तेव्हा रस्त्याबाहेर जाणे हा पराक्रम ठरला. त्याआधी ते केवळ जाणे होते.

भारतात हे स्पष्ट दिसते. १९४५ मध्ये स्थापन झालेली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये इकडे कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि विकासगटाच्या कारभारात जीप आली. गटविकास अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, फौजदार, प्रचाराला निघालेला उमेदवार, असे सारे जीपमधून उतरू लागले. गावाच्या दृष्टीने जीप म्हणजे सरकार. धुळीचा लोट दिसला की कोणीतरी अधिकारी आला असे समजावे, हा संकेत स्वातंत्र्योत्तर ग्रामीण जीवनात रूढ झाला.

पण या वाहनाला खऱ्या अर्थाने रोजचे केले ते अधिकाऱ्यांनी नव्हे, वडापने. एसटी जिथे दिवसातून एकदोनदाच येई तिथे पश्चिम महाराष्ट्रात वडाप आणि मराठवाड्या-विदर्भात काळी-पिवळी धावू लागली. प्यूजोच्या परवान्याखालील डिझेल इंजिनाच्या महिंद्र गाड्या, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, पुढे टाटांची सुमो, या गाड्यांत माणसे, कोंबड्या, दुधाची किटली आणि शाळेची पोरे एकत्र कोंबली गेली. एकच गाडी रोजच्या वाटेला आणि आडवाटेला चालते का, याचे उत्तर या गाड्यांच्या चालकांनी केव्हाच दिले होते. त्यांतल्या बहुतेक गाड्यांना तर चारही चाकांची शक्तीही नव्हती. होता तो मजबूत सांगाडा, उंच पोट, कोणत्याही गावात होणारी दुरुस्ती आणि चालकाचा सराव.

दरम्यान पाश्चात्त्य जगात या वाहनाचे नागरीकरण चालू होते. १९६३ सालच्या जीप वॅगोनियरने चारचाकी शक्तीला स्वयंचलित गिअरची आणि बैठकीच्या सुखाची जोड दिली. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली. तिला पट्ट्यांच्या पाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंगा होत्या, पण आतली जमीन मात्र पाण्याने धुता येईल अशीच होती. तिचे एक प्रमुख रचनाकार स्पेन किंग यांनी उतारवयात, शहरात मिरवण्यासाठी अशा गाड्या वापरणाऱ्यांविषयी उघड नापसंती व्यक्त केली. निर्मात्याला आपल्या कृतीचे वाचन असे रुचेनासे होणे साहित्यात नवे नाही. १९७७ मध्ये सोव्हिएत रशियातील लाडा निव्हाने आणि १९८४ च्या जीप चेरोकीने आणखी एक पाऊल उचलले. शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर अंग बसवण्याऐवजी सांगाडा आणि अंग एकसंध केले. शिडीचा सांगाडा दगडांवर पिळवटला तरी तग धरतो, पण जड असतो आणि रस्त्यावर डुलतो. एकसंध बांधा हलका, वळणावर स्थिर आणि शांत असतो. १९९४ च्या टोयोटा आरएव्ही ४ मध्ये मोटारीचाच पाया घेऊन वर जीपचे रूप चढवले गेले आणि नव्या काळाची दिशा ठरली. २०१६ च्या जानेवारीत जुन्या डिफेंडरचे उत्पादन थांबले. तिच्या नव्या अवताराने शिडीचा सांगाडाच टाकला, तेव्हा निष्ठावंतांनी व्यक्त केलेला संताप छंदोबद्ध कवितेच्या कैवाऱ्यांची आठवण करून देणारा होता.

रूप बदलण्यामागे केवळ रुची नसते, कायदाही असतो. अमेरिकेत १९७५ च्या इंधनविषयक कायद्यानंतर मोटारींना एक आणि हलक्या ट्रकांना दुसरी, सैल मोजपट्टी लागली. एसयूव्ही ट्रकांत मोडत असल्याने कंपन्यांना त्या वाढवणे सोयीचे झाले. आपल्याकडचे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला अधिक रंजक वाटेल. २०१७ च्या जीएसटी व्यवस्थेत जादा उपकरासाठी एसयूव्ही म्हणजे काय हे सांगावे लागले. इंजिन १५०० सीसीहून मोठे, लांबी ४००० मिलिमीटरहून अधिक, जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर वा अधिक, आणि शिवाय ती लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जात असावी. लोकांनी दिलेले नाव हा कराचा आधार! २०२३ मध्ये ही अट काढून, नाव काहीही असो, माप तेवढे पाहावे असे ठरले. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन ४० टक्के आणि १८ टक्के असे दोन दर आले. चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल वा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना कमी दर लागतो.

या पार्श्वभूमीवर आजचे पर्याय वाचले पाहिजेत. १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी तीन दशकांहून अधिक काळ सैन्याची आणि डोंगरवेड्यांची सोबती होती. १९९१ ची टाटा सिएरा, १९९४ ची सुमो (जिचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून आले), १९९८ ची सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ यांनी जीपला कुटुंबाच्या अंगणात आणले. २०१० ची थार जुन्या जीपची थेट वारस होती. २०२० च्या थारने तेच रूप ठेवून वातानुकूलन, छप्पर आणि सुरक्षा दिली. या तीनदारी गाडीची लांबी ३९८५ मिलिमीटर, पोटाची उंची २२६ मिलिमीटर आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. मात्र जानेवारी २०२३ मध्ये तिचीच, फक्त मागच्या चाकांना शक्ती देणारी, १५०० सीसी डिझेलची स्वस्त आवृत्ती आली. रूप राहिले, गुण गेला. आजच्या करव्यवस्थेत हीच आवृत्ती १८ टक्क्यांत बसते आणि खरोखर आडवाटेची २२०० सीसी डिझेलची थार ४० टक्क्यांत. म्हणजे आडवाटेचा आभास स्वस्त आणि आडवाट महाग, असा हा न्याय आहे. जून २०२३ च्या पाचदारी जिम्नीत चारही चाकांची शक्ती आणि लघु गिअर आहेत आणि वजन सुमारे १२०० किलो. पण १५०० सीसी पेट्रोलमुळे तीही वरच्या दरात जाते. ऑगस्ट २०२४ च्या पाचदारी थार रॉक्सने लांबी वाढवून घरच्यांची सोय केली, परंतु चारही चाकांची शक्ती डिझेलपुरतीच ठेवली.

मग निवड कशी करावी? आमच्या मते जाहिरातीतील डोंगर बाजूला ठेवून वर्षाचे दिवस मोजावेत. ३६५ पैकी किती दिवस गाडी चिंचोळ्या गल्लीत लावायची आहे, किती दिवस मागच्या आसनावर वृद्ध आईवडील बसणार आहेत, आणि किती दिवस खरोखर डांबर संपणार आहे? शेवटचा आकडा दहाच्या आत असेल तर उंच पोटाची, एकसंध बांध्याची साधी गाडी पुरे. तो पन्नासच्या पुढे असेल तर लघु गिअर असलेली चारचाकी शक्ती हवीच. कारण घसरड्या उतारावर ब्रेकपेक्षा इंजिनाची संथ ओढ अधिक विश्वासाची असते. या दोहोंच्या मधल्या माणसाची कसोटी खरी. त्याने माती पाहावी. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती पावसात टायरच्या खाचा भरून टाकते आणि तिथे जड गाडीपेक्षा हलकी गाडी बरी. सह्याद्रीच्या खडकाळ चढावर आखूड बांधा आणि उंच पोट कामाचे. टायरच्या बाबतीतही हेच. खडबडीत खाचांचे टायर चिखलात उपयोगी, पण रोजच्या रस्त्यावर आवाज करतात आणि इंधन खातात.

याहूनही एक मोठा हिशेब उरतो, तो इतरांच्या जिवाचा. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो. ती झटक्याने वळवली तर उलटण्याचा धोका मोटारीपेक्षा जास्त. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. ज्या उंचीने आडवाटेवर दगड ओलांडायचा, तीच उंची रोजच्या वाटेवर शाळेतल्या मुलाच्या छातीशी येते. कास पठारासारख्या ठिकाणी कातळावरच्या बोटभर मातीत ज्या वनस्पती उगवतात, त्यांनाही चाकाखालची आडवाट सोसवत नाही. आडवाट ही रिकामी जागा नव्हे. तिथे कोणाचे तरी रोजचे जगणे असते.

म्हणून या इतिहासाचे वाचन करताना आम्हाला वाटते की 'दोन्ही कामे करणारी गाडी' ही वस्तू नसून तडजोड आहे आणि ती जितकी जाणीवपूर्वक करावी तितकी चांगली. जीप सुंदर दिसली ती तिच्या प्रत्येक रेषेला कारण होते म्हणून. आपल्या निवडीलाही तसे कारण असावे. ज्याच्या आयुष्यात खरोखर चिखल आहे त्याने चारही चाकांची शक्ती घ्यावी, त्याबद्दल संकोच नको. ज्याला वर्षातून दोनदा डोंगर पाहायचा आहे, त्याने पायथ्यापर्यंत आपल्या साध्या गाडीने जावे आणि पुढे गावातल्या वडापवाल्याला विचारावे. त्याला ती वाट रोजची आहे.