बुशलँडमधील हिवाळी अळंबी

बुशलँडमधील हिवाळी अळंबी : ऑस्ट्रेलियात शहरांच्या कडेने आणि पोटात टिकून राहिलेल्या मूळच्या रानाला ‘बुशलँड’ म्हणतात. देशाच्या दक्षिण भागात एप्रिल-मेचा पाऊस मुरला की या रानात अळंबी उगवू लागतात आणि जून-जुलैच्या ओल्या थंडीतही येत राहतात. सह्याद्रीत आषाढसरींनी कुत्र्याच्या छत्र्या फुटतात तेव्हाच तिकडे हिवाळा असतो. ऋतू उलटे, पण महिने बरेचसे तेच. तिथला अळंबीशोध मुख्यतः पाहण्याचा आणि नोंदवण्याचा आहे, टोपली भरण्याचा नाही. राष्ट्रीय उद्यानांतून परवानगीशिवाय अळंबी उचलता येत नाहीत.

या शोधाला घाई मानवत नाही. ओढ्याकाठच्या कुजक्या ओंडक्याजवळ गुडघे टेकून बसावे. सुरुवातीला नुसते शेवाळ दिसते. नजर सरावली की त्यात शर्टाच्या बटणाएवढी निळीशार छत्री उठून दिसते. ही मायसिना इंटरप्टा. तिच्या देठाच्या पायाशी लहानशी चकती असते, जणू देठ लाकडावर चिकटवलाच आहे. न्यूझीलंड आणि चिलीतही ती आढळते. छत्रीखालच्या पात्यांसारख्या पडद्या पाहण्यासाठी जाणकार हातआरसा खाली सरकवतात, म्हणजे ती उपटावी लागत नाही. पडद्यांचा रंग, वास आणि ती माती, लाकूड की शेण यांपैकी कशावर उगवली आहे, हे टिपल्याशिवाय नुसत्या माथ्याच्या छायाचित्रावरून ओळख पटवणे बहुधा कठीण जाते.

अळंबी पाहण्याच्या दृष्टीने सिडनीतील लेन कोव्ह बुशलँड पार्क अनमोल आहे. मेणासारखा तुकतुकीत माथा असलेल्या हायग्रोसायबी प्रजातीच्या अनेक रंगीत जाती तिथे एकत्र वाढतात. त्यांतल्या एका जातीचे नावच हायग्रोसायबी लेनकोव्हेन्सिस आहे. रे आणि एल्मा कर्नी या दांपत्याने चिकाटीने केलेल्या नोंदींमुळे हे वैभव उजेडात आले आणि २००० मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याने या कवकसमुदायाला धोक्यातील समुदाय म्हणून कायद्याचे संरक्षण दिले. प्राणी आणि झाडे यांच्या पलीकडे कायद्याची नजर क्वचितच जाते. म्हणून हा निर्णय फार मोलाचा आहे.

वर दिसते ते केवळ फळ. खरे कवक मातीत किंवा लाकडात तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने पसरलेले असते. अशी कित्येक कवके निलगिरीच्या मुळांना पाणी व फॉस्फरस पुरवतात आणि झाडाकडून साखर घेतात. काहींची फळे जमिनीखालीच राहतात. पोटोरू हा सशाएवढा शिशुधान प्राणी ती उकरून खातो आणि विष्ठेतून त्यांची बीजुके रानभर पसरवतो.

ऑम्फॅलोटस निडिफॉर्मिस ही अळंबी रात्री फिकट हिरवी चमकते. १८४० च्या सुमारास पश्चिम ऑस्ट्रेलियातील वनस्पतिसंग्राहक जेम्स ड्रमंड यांनी तिच्या उजेडात वर्तमानपत्रातले शब्द वाचता आल्याचे लिहून ठेवले आहे. भीमाशंकरच्या जंगलातही पावसाळ्यात कवकांमुळे लाकूड उजळते. तिथली कवके मात्र वेगळी. दिवसा ऑम्फॅलोटस धिंगरीसारखी दिसते, पण ती खाल्ल्यास जबर उलट्या होतात.

त्याहून घातक अमॅनिटा फॅलॉइडिस. युरोपातून आणलेल्या ओक वृक्षांबरोबर ती कॅनबेरा व मेलबर्नला पोहोचली. कोवळेपणी ती आशियात खाल्ल्या जाणाऱ्या भाताच्या पेंढ्यावरील अळंबीसारखी दिसते, त्यामुळे नव्याने गेलेल्यांची फसगत होते. कॅनबेरात ती खाल्लेले दोघे जानेवारी २०१२ मध्ये दगावले. शिजवून तिचे विष जात नाही. त्रास बहुधा ६ ते २४ तासांनी सुरू होतो, मग थोडा उतार पडल्यासारखा वाटतो, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. गावाकडच्या अळंबीच्या ओळखीवर तिकडे कोणीही विसंबू नये.

रानात शिरण्याआधी आणि बाहेर पडताना बुटांचा चिखल घासून काढावा. मुळे कुजवणारा फायटॉफ्थोरा हा सूक्ष्मजीव त्याच चिखलातून एका रानातून दुसऱ्या रानात जातो. अळंबी पाहण्यासाठी उलटा केलेला ओंडका पुन्हा होता तसाच ठेवावा.